धरणारी

थोरलीने पहिला फटका मारला तो नर्सला. ऑपरेशनला तीन दिवस झाले होते. डोक्याला हे एवढं बँडेज, डाव्या हाताला सलाइन. नर्स सुई बदलायला वाकली, तशी थोरलीने उजव्या हाताने बाजूचा स्टीलचा ट्रे उचलला आणि तिच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, रक्त चादरीवर उडालं. आईच्या हातातला पाण्याचा ग्लास सुटून तिच्याच पायावर पडला.

"अगं, काय केलंस हे!"

"दुखलं मला," थोरली म्हणाली. एवढंच. जणू डास मारला होता.

नर्स जुनी होती. ओठाला कापूस दाबून तिने आईलाच धीर दिला. "होतं असं. डोकं उघडलं की काही दिवस माणूस ठिकाणावर नसतो." आईने ते 'काही दिवस' घट्ट धरून ठेवले. पुढे वर्षभर ती तेच दोन शब्द सगळ्यांना सांगत राहिली, नवऱ्याला, शेजाऱ्यांना, शाळेला, आणि मग फक्त स्वतःला.

याआधीची थोरली अगदी वेगळी होती. सोळा वर्षांची, हडकुळी, भिडस्त. कोणी चिमटा काढला तरी "असू दे" म्हणणारी. वडिलांचं मटणाचं दुकान होतं, घराच्या खालीच. दिवसभर सत्तूर चालवणारा हा माणूस घरात आवाजही चढवायचा नाही. "माझं भांडण दुकानातच संपतं," म्हणायचा. थोरली लहानपणापासून ओट्याजवळ स्टूल टाकून बसायची. बाबा मेंढीचं काळीज मधोमध चिरून तिच्या हातात द्यायचे आणि ती आतल्या कप्प्यांत बोट घालून सांगायची, इथून रक्त येतं, इथून जातं, हा पडदा म्हणजे दार. दहाव्या वर्षीच तिने ठरवून टाकलं होतं, जनावरांची डॉक्टर व्हायचं. गिऱ्हाइकं हसायची. "बाप कापणार, पोरगी शिवणार. धंदा बरा जमवलाय!" पण मार्क असे होते की हसणाऱ्यांनाही पुढे हसू येईना. शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंनी कॉलेजचा फॉर्मसुद्धा आधीच आणून ठेवला होता.

मग डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्या उठल्या उलटी. अक्षर ओळ सोडून खाली घसरायला लागलं. विचारलेल्या प्रश्नाला ती इतक्या वेळाने उत्तर द्यायची की बाई पुढच्या प्रश्नावर गेलेल्या असायच्या. "वय आहे," सगळे म्हणाले. चष्मा झाला, टॉनिक झालं. आणि एक दिवस शाळेच्या प्रयोगशाळेत हातात काचेचं भांडं असताना तिचा डावा हात आपोआप वर गेला, मान फिरली, आणि ती टेबलावरच्या सगळ्या काचसामानासकट खाली आली. काचांत पडून अंग आपटत राहिलं. धाकटी बहीण शेजारच्या वर्गात होती. आवाज ऐकून धावत आली, तेव्हा थोरलीच्या गालात काच रुतलेली होती आणि टाचा फरशीवर ताडताड वाजत होत्या. धाकटी तिच्याहून वर्षानेच लहान. तिने ताईचं डोकं मांडीवर घेतलं, तिच्या स्वतःच्या गुडघ्यांत काचा गेल्या, ते तिला घरी गेल्यावर कळलं.

कपाळामागे उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ निघाली. मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावून दाखवला. "पसरणारी नाही, हे नशीब. पण जागा वाईट आहे." बाबांनी एकच प्रश्न विचारला, "हाड कशाने कापता?" डॉक्टरांनी सांगितलं, आधी भोकं पाडतो, मग बारीक करवत, मग झाकण उचलावं तसं उचलतो. बाबांनी एका कसबी माणसाने दुसऱ्याचं ऐकावं तसं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि बाहेर जाऊन जिन्यात भडाभडा ओकले.

गाठ निघाली. थोरली वाचली. घरी आली ती मात्र दुसरीच कोणीतरी.

तिचा राग यायचा कुठून, कळायचं नाही. चढत चढत येणारा राग माणसाला दिसतो तरी. हिचं तसं नव्हतं. जेवताना मीठ मागितलं आणि मिळायला दोन क्षण उशीर झाला, तर ताट भिंतीवर. धाकटीने खिडकी लावली, तर तिच्या पाठीत बुक्का. झाल्यावर ती तशीच उभी राहायची, धापा टाकत. आपण कुणाचं तरी भांडण मध्येच पाहिल्यासारखा चेहरा. एकदा इस्त्री करताना आई म्हणाली, "दे बाळा, चटका बसेल." थोरलीने इस्त्री फेकली. आईने वाचायला हात आडवा घातला आणि मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घालणाऱ्याला आईने सांगितलं, बाथरूममध्ये पडले. त्याच दिवसापासून घरातल्या सुऱ्या, कात्र्या, लाटणं, खलबत्त्याचा बत्ता, सगळं कपाटात कुलूपबंद झालं. भाजी चिरायची तर खाली दुकानात जायचं.

"काही दिवस," आई म्हणायची.

"हं," बाबा म्हणायचे.

धाकटी काही म्हणायची नाही. तिच्या दंडावर निळं, त्यावर हिरवं, त्यावर पिवळं, असे मुक्कामाला आलेले डाग असायचे. ती उन्हाळ्यातही लांब बाह्या घालायची.

वर्ष बुडालं होतं. शाळेने थोरलीला एक वर्ष मागे घेतलं, म्हणजे नेमकं धाकटीच्या वर्गात. तेही धाकटीच्याच बाकावर, कारण शेजारी बसायला दुसरं कोणी तयार होईना. आता परीक्षा थोरलीची होती की धाकटीची, सांगणं कठीण. जी मुलगी पुस्तक एकदा वाचून पानाचा आकडा सांगायची, ती एक परिच्छेद चारदा वाचायची आणि पुस्तक मिटलं की कोरी पाटी. शब्द ओठावर येऊन अडायचे. 'यकृत' आठवेना म्हणून तिने एकदा स्वतःच्या मांडीत पेन्सिल खुपसली, टोक आत मोडलं.

मागच्या बाकावर एक लांबडा होता. वर्गाचा विदूषक, मनाने काही फार वाईट नव्हता, पण जिभेला हाड नाही. थोरलीचे केस तेव्हा बोटभर वाढले होते आणि त्यातून टाक्यांची रेघ दिसायची, कानापासून कानापर्यंत. तो तिला 'चेन' म्हणायचा. "ए, चेन उघडून बघ ना आत काही राहिलंय का," असं तो त्या दिवशी म्हणाला. जीवशास्त्राचा तास होता. थोरली उठली. बाईंना वाटलं, पाणी प्यायला निघाली. तिने मागे जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवला, प्रेमाने ठेवावा तसा, आणि त्याचं तोंड बाकावर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. नाकाचा आवाज पहिल्या बाकापर्यंत आला. बाई आणि चार मुलं मिळून तिला सोडवत होती तेव्हाही तिची बोटं त्याच्या केसांत अडकलेली होती. दोन दात वहीवर पडले होते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे. एका बाजूला लांबड्याचे आईवडील, दुसऱ्या बाजूला आई-बाबा आणि दोन्ही मुली. आईने सुरुवात केली. "मुलगा काय बोलला तेही विचारा. आमची मुलगी मुद्दाम कुणाला मारणारी नाही हो. घरी तर एक शब्द..."

"ती मलाही मारते," धाकटी म्हणाली.

धाकटीने बाह्या वर केल्या. मग मान वळवून केस बाजूला घेतले. कानामागे दातांची खूण होती, दोन आठवडे जुनी. "आईचा हातही पडून मोडला नाही," ती म्हणाली. "सर, तुम्ही तिला शाळेतून काढा किंवा ठेवा. पण कोणीतरी खरं बोला. मला आता घरी झोप लागत नाही."

मुख्याध्यापकांनी थोरलीला महिनाभर घरी बसवायचं ठरवलं, त्या मुदतीत डॉक्टरांचं पत्र आणा म्हणाले. लांबड्याचे वडील ओरडायला आले होते, ते धाकटीचे दंड बघून बायकोला घेऊन उठले.

घरी पोचल्यावर आई वर गेली. बाबांनी दुकान उघडलं, कारण गिऱ्हाईक ताटकळत होतं. धाकटी दप्तर पाठीला तसंच ठेवून दुकानाच्या दारात उभी राहिली. वर जायची तिची छाती होत नव्हती.

"घरचं बाहेर सांगितलंस," थोरली म्हणाली.

"ताई, मी..."

थोरलीचा हात ओंडक्यावरच्या सत्तूरावर पडला. ओंडक्यातून तो उपसताना लाकूड कुरकुरलं. गिऱ्हाईक किंचाळलं. धाकटी मागे सरली, पण मागे शटरची चौकट होती. सत्तूर वर गेला आणि खाली आला, आणि त्या दोघींच्या मध्ये बाबांचा डावा हात आला. पात्याने पंजा मनगटाच्या वर तिरका उघडला, आत पांढरं दिसलं, मग रक्त भळाभळा. बाबा ओरडले नाहीत. उजव्या हाताने त्यांनी थोरलीचं मनगट धरलं आणि रोज गिऱ्हाइकाशी बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "सोड. पोरी, सोड तो. धार नवी आहे, तुला लागेल."

तिने सोडला. सत्तूर फरशीवर पडून दोनदा उसळला. मग थोरलीने त्या हाताकडे पाहिलं. आयुष्यभर तिने मांस, स्नायू, शिरा बघितल्या होत्या. अंगठ्याकडे जाणारी दोरी तुटून आत ओढली गेलीय, हे तिला ताबडतोब दिसलं. यातलं एकही नाव तिला आठवलं नाही. तिने गळ्यातली ओढणी काढून बाबांच्या दंडाला करकचून आवळली आणि हात वर धरून ठेवला, हॉस्पिटल येईपर्यंत सोडला नाही. धाकटी रिक्षात पुढे, ड्रायव्हरशेजारी बसली होती.

आत बाबांना शिवत असताना थोरली स्वतः मेंदूच्या डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिली. कपडे रक्ताने कडक झालेले. "मी आज बहिणीला मारून टाकणार होते," ती म्हणाली. "मला परत कापा. काहीतरी राहिलंय आत."

डॉक्टरांनी तिला बसवलं. आईच्या 'काही दिवसां'मुळे वर्षभरात त्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं. दर तपासणीला आई "बरं आहे, थोडी चिडचिड" एवढंच सांगायची. आता त्यांनी एकेक विचारलं, किती वेळा, कोणाला, कशाने. थोरलीने काही लपवलं नाही. लपवण्याएवढं तिला जुळवताही येत नव्हतं.

"हे बघ," डॉक्टर म्हणाले, "गाठ जिथे होती तिथे माणसाचा लगाम असतो. तो थोडा गेलाय, तो पूर्ण येणार नाही. पण तू झटक्यांसाठी जी गोळी घेतेस ना, तिनेही काहींचा राग भडकतो. हे मी तेव्हाच नीट समजावून सांगायला हवं होतं. गोळी बदलू."

"म्हणजे ती मी नव्हते?"

"असं सांगितलं तर तुला बरं वाटेल," डॉक्टर म्हणाले. "पण हात तुझाच होता. पुढेही तुझाच असणार. तो कसा सांभाळायचा, ते शिकावं लागेल. शिकवणारी माणसं आहेत आपल्याकडे."

"आणि कॉलेज?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गाडी नाही, उंचावर नाही, एकटीने सुरी नाही. पाच वर्षांचं पाठांतर... मला नाही वाटत."

"मग राहिलं काय?"

डॉक्टरांनी नव्या गोळीची चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली.

गोळी बदलली. महिन्याभरात राग गेला नाही, पण त्याची पावलं ऐकू यायला लागली. दर आठवड्याला ती हॉस्पिटलमधल्या एका बाईंकडे जायची. त्या शिकवायच्या की डावा जबडा आवळला की समजायचं, आलं, आणि उठून खोलीबाहेर चालतं व्हायचं, कोणी काहीही म्हणो. पुढच्या सहा महिन्यांत थोरली किती दारांतून बाहेर पडली, त्याला गणती नाही. जेवणातून, तासातून, एकदा तर आंघोळीतून. दोनदा दारापर्यंत पोचली नाही. एकदा आरसा फुटला, एकदा स्वतःच्या हाताची बोटं.

बाबांचा अंगठा पुन्हा वळला नाही. सत्तूर उजव्या हातात येत होता, पण मांस धरायला डावा लागतो. मग आई खाली उतरली. जिने वर्षभर लाटणंसुद्धा कुलपात ठेवलं होतं, ती ओंडक्यापाशी उभी राहून बरगड्या फोडायला लागली, आणि पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाइकं म्हणाली की हिचा हात नवऱ्यापेक्षा साफ आहे. ती दात ओठ खाऊन सत्तूर घालायची. कुणावर घालायची, ते तिने कधी सांगितलं नाही.

शाळेने थोरलीला परत घेतलं. जीवशास्त्राच्या बाई रोज सुट्टीनंतर तिला घेऊन बसायच्या. परीक्षेत जास्तीचा वेळ मिळाला, वेगळी खोली मिळाली. ती पास झाली, काठावर. निकाल हातात घेऊन तिने बाईंनी जपून ठेवलेला कॉलेजचा फॉर्म मागून घेतला, घरी आणला आणि त्याचे इतके बारीक तुकडे केले की शेवटी कागदाचा भुगा झाला. जबडा आवळलेला होता, पण या वेळी ती खोलीबाहेर गेली नाही. मारायला समोर कोणी नव्हतं, म्हणून रडली.

धाकटीला जमीन-मोजणीच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जागा मिळाली. ती गेली ती धावतच गेली. निघताना तिने आई-बाबांना मिठी मारली, आणि ताईला लांबूनच "येते" म्हणाली.

थोरली दोन वर्षं घरी होती. भाजी आणायची, हिशेबात चुकायची, अधूनमधून झटका यायचा, पडायची, उठायची. एकदा गावाबाहेरच्या जनावरांच्या दवाखान्यात बाबांनी तिला नेलं. कामासाठी वगैरे नाही, दुकानासमोरची मांजर गाडीखाली आली होती, ती खोक्यात घालून. तिथे आवारात गोंधळ चालला होता. मालगाडीच्या धक्क्याने मागचा पाय चिरडलेला एक मोठा कुत्रा चार माणसांना आवरत नव्हता. एकाच्या पोटरीचा लचका त्याने काढला होता, दुसरा दांडकं घेऊन उभा होता. डॉक्टरीणबाई इंजेक्शन हातात घेऊन ओरडत होत्या, "मारू नका! धरा कोणीतरी, मारू नका!"

थोरलीने खोकं बाबांच्या हातात दिलं. "अगं!" एवढंच बाबा म्हणाले. ती कुत्र्याच्या बाजूने गेली, समोरून नाही. गुडघे टेकले आणि एक हात मानेखालून, एक छातीवरून घालून त्याला स्वतःच्या अंगावर ओढलं. कुत्र्याने मान फिरवून तिच्या हाताचा चावा घेतला, अंगठ्याखालच्या मांसात सुळे आरपार. तिला कळलं, आता येणार. जबडा आवळला, कानांत रक्त धडधडायला लागलं. ती वाट बघत राहिली. तिचे हात जिथे होते तिथेच राहिले. "दुखतंय ना," ती कुत्र्याच्या कानात म्हणाली, "मला माहितीय. चाव." डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन टोचलं. कुत्र्याचे दात सैल व्हायला दोन-तीन मिनिटं लागली, तोवर ती हलली नाही.

जखम धुताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठे शिकलीस हे?"

"कुठे नाही. मला झटके येतात," थोरलीने एका दमात सांगितलं. "डोक्याचं ऑपरेशन झालंय. गोष्टी लक्षात राहत नाहीत. आणि मी माणसांना मारलंय. वडिलांचा हात माझ्यामुळे गेलाय."

बाईंनी बाबांच्या हाताकडे पाहिलं. बाबांनी तो लपवला नाही.

"जनावरांना मारलंयस?"

"नाही."

"सुरीला हात लावायचा नाही. झटका येईल असं वाटलं की जनावर सोडून खाली बसायचं. उद्या आठला ये, पण आधी त्या हाताला रेबीजची सुई घेऊन ये."

मांजर वाचली नाही.

त्याला आता नऊ वर्षं झाली. दवाखान्यात तिला 'धरणारी' म्हणतात. लाथा मारणारी घोडी असो, पिल्लू अडलेली मेंढी असो की भाजलेलं माकड, डॉक्टर आधी विचारतात, धरणारी आलीय का? तिच्या दोन्ही हातांवर दातांच्या, नखांच्या खुणा आहेत, दोन बरगड्या मोडून जुळल्यात. जनावरांच्या मदतनिसाची परीक्षा ती दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा सुटली. 'यकृत' अजून कधीकधी आठवत नाही, मग ती बोट ठेवून दाखवते. एकदा आपल्याच कुत्र्याला साखळीने झोडणाऱ्या मालकाच्या तिने कानाखाली वाजवली. दाराकडे जायचं ती विसरली नव्हती, त्या दिवशी तिने ठरवून टाळलं, असं तिने डॉक्टरीणबाईंना स्वतः जाऊन सांगितलं. पंधरा दिवस घरी बसावं लागलं. ते तिला कबूल होतं.

धाकटी वर्षातून एकदोनदा येते. आता तिला तीन वर्षांची मुलगी आहे. घरात आली की धाकटी अजूनही दाराजवळच्या खुर्चीत बसते, पोरीला मांडीवर घेऊन. थोरलीने एकदा माफी मागायचा प्रयत्न केला होता. धाकटी म्हणाली, "ताई, मला कळतं गं सगळं. अंगाला नाही कळत."

या वेळी पोरगी मांडीवरून सटकली आणि हातातला लाकडी चमचा घेऊन थोरलीपाशी गेली. थोरली जमिनीवर बसून हाताचं बँडेज बदलत होती. पोरीने मागून तिच्या डोक्यावर, जिथे केसांखाली हाडाचा काठ लागतो तिथेच, चमचा मारला. टक्क आवाज झाला. धाकटी उभी राहिली. तिचा एक हात आपोआप कानामागे गेला होता.

थोरलीचा जबडा आवळला. तिने पोरीचं मनगट दोन बोटांत धरलं, हळूच चमचा काढून घेतला, आणि मनगट सोडून दिलं.

"मावशीला लागलं," ती म्हणाली. "असं नाही करायचं."

"का?" पोरगी म्हणाली.

"दुखतं म्हणून."

पोरीला उत्तर पटलं असावं. ती बँडेजच्या गुंडाळीकडे वळली. धाकटीने टेबलावरची पिशवी घेतली. "मी जरा बाजारात जाऊन येते," ती म्हणाली. "हिला ठेवून जाते. तासाभरात येते."

ती वीस मिनिटांत परत आली, धापा टाकत, पिशवी रिकामीच. पण गेली होती.